दोन भारतरत्नं आणि तिसरा माणूस

'राम श्याम गुणगान' कोणाचं, असं विचारलं तर दहातले नऊ जण सांगतील, लताबाई आणि भीमसेनांचं. चूक काहीच नाही. 1985 साली एचएमव्हीने हा अल्बम काढला तेव्हा ही दोन नावंच पुरेशी होती. ठाणे असो की कल्याण-डोंबिवली, सकाळी डबे भरताना ही कॅसेट लागणारी घरं काही कमी नव्हती. आणि गंमत म्हणजे गाणी मराठी नाहीतच! हिंदी भजनं, पंडित नरेंद्र शर्मांची. तेच ते, विविध भारती सुरू करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता.

चाली मात्र श्रीनिवास खळ्यांच्या.

आता जरा तांत्रिक भाग, कंटाळू नका. पुरुषाचा सा साधारण काळी एकच्या आसपास, बाईचा काळी चार-पाचच्या. दोघांनी एकाच पट्टीत गायचं तर एकाला वर ताणावं लागतं, नाहीतर दुसरीला खाली उतरावं लागतं. कुठल्याही द्वंद्वगीताची ही पहिली अडचण. इथे वर आणखी एक. भीमसेन म्हणजे एक राग तासभर फुलवणारे, तर लताबाईंची अख्खी कारकीर्द तीन-चार मिनिटांच्या गाण्यांत गेलेली. आमच्या धंद्यात अशा दोन तगड्या सिस्टिम जोडायच्या म्हटलं की मीटिंगमध्ये सगळे एकदम लॅपटॉपमध्ये डोकं घालतात.

खळ्यांनी दोन्ही गळे आधी वेगवेगळे हाताळले होते, हे महत्त्वाचं. लताबाईंकडून 'अभंग तुकयाचे', भीमसेनांकडून 'सावळे सुंदर रूप मनोहर'. म्हणजे दोन्हीकडे तुकोबा! कोणाला कुठे मोकळं सोडायचं आणि कुठे आवरायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून 'बाजे रे मुरलिया' ऐकताना कुठेही कुस्ती वाटत नाही. भीमसेन आवाजाचं वजन सांभाळून गातात आणि लताबाई त्यांच्यासमोर लहान होत नाहीत. मला विचाराल तर अल्बममधलं सर्वात अवघड काम हेच होतं, आणि ते माइकसमोर उभं न राहणाऱ्या माणसाने केलं.

खळ्यांचा जन्म 1926 चा. बालपण बडोद्यात, मग मुंबईत येऊन धडपड. चित्रपट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण 'शुक्रतारा मंद वारा' त्यांचं, 'बगळ्यांची माळ फुले' त्यांचं. 'जय जय महाराष्ट्र माझा' म्हटलं की आपल्याला शाहीर साबळे आठवतात (आठवायलाच हवेत), चाल खळ्यांची. 2023 मध्ये ते राज्यगीत झालं. तेव्हा शाळाशाळांतून ते म्हणणाऱ्या किती पोरांना संगीतकाराचं नाव सांगितलं गेलं असेल, कोण जाणे.

लताबाईंना भारतरत्न 2001 मध्ये, भीमसेनांना 2008 मध्ये जाहीर झालं. खळ्यांना 2010 मध्ये पद्मभूषण मिळालं, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी. पुढच्याच वर्षी, 2 सप्टेंबर 2011 ला, ते ठाण्यात गेले. आपल्या इथेच.

आता कॅसेटी गेल्या. ॲपवर गाणं लावलं की गायकांची नावं ठळक दिसतात. संगीतकार कोण हे बघायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी त्या तीन टिंबांवर टिचकी मारून आत शोधावं लागतं.