चहा देणाऱ्यांनी घडवलेलं काम

लॉकडाउनमध्ये मी घरूनच, दार लावून, हेल्पलाइनचे फोन घेत असे. कोण काय बोललं ते बाहेर सांगायचं नाही, हा या कामाचा पहिला नियम. म्हणून इथे सांगते आहे ती या कामाची गोष्ट.

इंग्लंडमधल्या लिंकनला १९३५ साली चॅड व्हारा या तरुण पाद्र्यानं पहिला अंत्यविधी केला तो चौदा वर्षांच्या मुलीचा. पाळी सुरू झाली आणि तिला वाटलं, आपल्याला लाजिरवाणा रोग जडला. विचारणार कोणाला? तिनं जीव दिला. हे व्हारांच्या मनातून गेलं नाही. २ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये त्यांनी खचलेल्यांसाठी फोन सुरू केला. तेव्हा तिथे आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता; तो कायदा १९६१ साली गेला.

समुपदेशन व्हारा स्वतः करणार होते. बाहेर थांबलेल्यांना चहा द्यायला, त्यांच्यापाशी बसायला काही साधी माणसं मदतीला होती. त्यांच्याशी बोलूनच अनेकांचं मन हलकं व्हायचं, व्हारांना भेटायची गरजच उरायची नाही. काही महिन्यांतच, फेब्रुवारी १९५४ मध्ये, त्यांनी ऐकण्याचं काम या स्वयंसेवकांकडे सोपवलं. 'समॅरिटन्स' ही संस्था ती हीच. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. उपदेश हाच ज्याचा व्यवसाय, त्या माणसानं न उपदेशणाऱ्यांवर विश्वास टाकला.

चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली अशीच 'स्नेहा' ही संस्था सुरू केली, तेव्हा आपल्याकडेही आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं कलम ३०९ होतंच. जीव देऊ पाहणाऱ्यावर खटला भरण्याऐवजी तो तीव्र तणावाखाली होता असं धरावं, हे सांगणारा २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा लागू झाला मे २०१८ मध्ये. दोन वर्षं होण्याआधीच महामारी आली.

२१ देशांच्या आकडेवारीचा एक अभ्यास सांगतो की पहिल्या काही महिन्यांत आत्महत्या वाढल्याचं दिसलं नाही. भारत त्यात नव्हता. जपानमध्येही आकडा आधी उतरला, मग जुलैपासून चढला; २०२० अखेर २१,०८१. पुरुषांचा आकडा किंचित घटला, वाढला तो बायकांचा. हॉटेलांतली, दुकानांतली कच्ची नोकरी आधी त्यांचीच गेली होती. आपल्याकडे त्या वर्षी १,५३,०५२ नोंदी झाल्या, आदल्या वर्षी १,३९,१२३ होत्या. जवळपास चौथाई माणसं रोजंदारीवरची. सर्वाधिक नोंदी महाराष्ट्रात, १९,९०९. 'सगळेच खचले होते' हे वाक्य म्हणून मला पटत नाही. कोणाचं काय गेलं, ते पाहायला हवं.

घरात बोलायला कोपरा नसलेली माणसं जिन्यात बसून, गच्चीवर जाऊन फोन करत. आम्हाला शिकवलेलं एवढंच: सल्ला द्यायचा नाही, आणि 'मरावंसं वाटतंय का?' हे सरळ विचारायचं. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट, माणूस बोलू लागतो. हे तुम्हालाही जमेल. घरात कुणी गप्प झालं असेल तर आजच विचारा. आणि तुम्हाला स्वतःला तसं वाटत असेल तर १४४१६ वर फोन करा. हा सरकारचा 'टेली-मानस' क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो मोफत आहे, चोवीस तास असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.