कॉम्प्युटरच्या पोटात कॉम्प्युटर आणि आपली अडकलेली मराठी

मी वालूरचा, तालुका सेलू, जिल्हा परभणी. बीटेक केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. आजचा भाग व्हर्च्युअल मशीनच्या इतिहासावर. म्हणजे आपल्याच पीसीत एका खिडकीत दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम चालवायची, ते.

ही कल्पना माझ्या वयापेक्षा बरीच जुनी. १९७२ साली आयबीएमनं मेनफ्रेमसाठी व्हीएम/३७० आणलं. मशीन एकच, तेही महागडं, आणि वापरणारे पुष्कळ. प्रत्येकाला वाटावं की आख्खं मशीन माझंच! १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी याचा नियम मांडला. थोडक्यात असा: मशीनच्या नाड्या हलवणारी प्रत्येक सूचना मधल्या राखणदाराच्या हातून गेली पाहिजे.

आपल्या घरातला इंटेलचा पीसी नेमका इथंच नापास. त्याच्या काही सूचना राखणदाराला न कळवताच भलतं वागायच्या. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरनं पुढच्याच वर्षी तोड काढली: अडचणीच्या सूचना चालता चालताच बदलून टाकायच्या. मग २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीनं प्रोसेसरमध्येच सोय केली. २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात आलं, व्हर्च्युअलबॉक्सही मुक्त झालं. जे मेनफ्रेमवाल्यांचं होतं, ते फुकटात घरी आलं.

आता याचं आपल्याला काय? सांगतो. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण डीटीपीच्या दुकानांत पुढं कैक वर्षं पेजमेकर आणि श्रीलिपी, आयएसएमसारखी सॉफ्टवेअरंच चालली. शाळेच्या स्मरणिका, सप्ताहाच्या पत्रिका, गावाचे इतिहास, सगळं त्यातच. त्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले. फॉन्ट नसेल तर फाईल उघडते, पण दिसतो इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा. कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा. जोडाक्षरं मोडतात, पानाची मांडणी जाते.

अशा वेळी मी व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज एक्सपी चढवतो, जुनं सॉफ्टवेअर आणि फॉन्ट टाकतो, आणि पान जसंच्या तसं पीडीएफ करून घेतो. नेट मात्र बंद ठेवायचं; एक्सपीचे सुरक्षा अपडेट २०१४ मध्येच थांबले. सॉफ्टवेअरला डोंगल लागत असेल तर यूएसबीचं बहुधा आत जोडता येतं. जुन्या प्रिंटर पोर्टचं असेल तर त्रास आहे.

आमच्या वालूरला चक्राकार पायऱ्यांची बारव आहे. गावकऱ्यांनी गाळ काढला, तेव्हा ती पुन्हा दिसली. दगड तोवर थांबला. हार्ड डिस्क थांबत नाही हो, आणि सीडीही नाही. तुमच्या तालुक्यातला एखादा डीटीपीवाला दुकान बंद करत असेल, तर भंगारवाल्याच्या आधी तुम्ही पोचा. त्या डिस्कची एक कॉपी काढून ठेवा. उघडायचं कसं, ते नंतर बघता येतं.