गोतावळ्यातून तोडलेली गाडी

पुण्यात चार मोटरसायकलवेडे टपरीवर जमले की दुसऱ्या चहाच्या आत एक सिद्धान्त मांडून होतो. 'तिकडे जी गाडी दहा लाखांना मिळते, तीच इकडे वीसला. मधले दहा सरकार खातं. ड्यूटी काढा, मग बघा.' या सिद्धान्ताला एक शेपूटही असतं. दुबईला मावसभाऊ आहे, त्याला सांगून तिथलीच एखादी कमी चाललेली गाडी घ्यायची, क्रेटमध्ये भरून बोटीत टाकायची, सगळं धरूनही स्वस्तच पडते. सिद्धान्त अर्धा खरा आहे. शेपूट पूर्ण खोटं आहे. आणि दोघांचं मूळ एकाच चुकीत आहे, असं माझं म्हणणं.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडू. २०१८च्या सुरुवातीपर्यंत ८०० सीसीवरच्या तयार गाडीवर ७५ टक्के सीमाशुल्क होतं, त्याखालच्या गाडीवर ६० टक्के. फेब्रुवारी २०१८मध्ये दोन्ही ५०वर आले. २०२५च्या अर्थसंकल्पाने १६०० सीसीपर्यंतच्या गाडीला ४० आणि त्यावरच्या गाडीला ३० टक्के दर लावला. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीवरच्या सगळ्याच गाड्यांना ४० टक्के जीएसटी आहे. आता हेच दर धरून दहा लाखांची, म्हणजे बोटभाडं आणि विमा धरून दहा लाखांची, एक ९०० सीसीची गाडी घेऊ. सीमाशुल्क चार लाख. झाले चौदा. त्या चौदावर जीएसटी पाच लाख साठ हजार. एकूण एकोणीस लाख साठ हजार. टपरीवरचा हिशेब जवळजवळ जुळला. त्यावर आरटीओचा रस्ता कर आहेच, आणि तो या फुगलेल्या किमतीवर लागतो, म्हणजे करावर कर.

सीमाशुल्क शून्य केलं तर तीच गाडी चौदा लाखांना पडेल. पाच लाख साठ हजारांचा फरक काही लहान नाही, तो नाकारून मला वाद जिंकायचा नाही. फक्त एक नोंद करू. उरलेले चार लाख जीएसटीचे आहेत, आणि तोच ४० टक्के दर इथे बनलेल्या ६५० सीसीच्या गाडीलाही आहे. परदेशी असण्याचा तो दंड नव्हे. तेव्हा 'मधले दहा' मुळात साडेपाच होते.

पण मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. ड्यूटी पावतीवर छापलेली असते. जे छापलेलं आहे त्याला छुपं म्हणत नाहीत. सगळा राग त्या छापील आकड्यावर निघतो आणि न छापलेले आकडे निसटून जातात.

सिद्धान्त खरा असता, म्हणजे ड्यूटी हीच एकमेव अडचण असती, तर हार्ले-डेव्हिडसनचं इथे काय व्हायला हवं होतं? अमेरिकेच्या अध्यक्षांनी या गाडीवरच्या भारतीय शुल्काची तक्रार जाहीरपणे, पुन्हा पुन्हा केली, म्हणून हे उदाहरण सगळ्यांच्या तोंडी असतं. लोक विसरतात ते एवढंच, की २०११पासून हरियाणातल्या बावलला हार्लेचा स्वतःचा जुळणी कारखाना होता. सुटे भाग आणून इथे जोडलेल्या गाडीवर तयार गाडीचं शुल्क लागतच नाही. २०१४मध्ये आलेली स्ट्रीट ७५० तर तिथेच बनत होती. तरीही २०१९-२० या वर्षात कंपनीच्या गाड्या अडीच हजारांहूनही कमी खपल्या आणि सप्टेंबर २०२०मध्ये तिने गाशा गुंडाळला. नंतर हीरोशी हातमिळवणी झाली. नीमराण्याच्या कारखान्यात बनलेली एक्स४४० जुलै २०२३मध्ये दोन लाख एकोणतीस हजारांना आली आणि महिनाभरात पंचवीस हजारांवर नोंदण्या झाल्या. 'ती काही खरी हार्ले नव्हे,' असं शुद्धतावादी म्हणतील. असेलही. पण हीरोच्या दुकानांचं आणि गॅरेजांचं जाळं त्या गाडीच्या पाठीशी होतं, ही गोष्ट ती खरी की खोटी यावर अवलंबून नाही.

दुसरं उदाहरण घरचं. ट्रायम्फची स्पीड ४०० चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते. २०२३मध्ये इथे ती दोन लाख तेहतीस हजारांना मिळत होती, तर अमेरिकेत चार हजार नऊशे पंच्याण्णव डॉलरला, म्हणजे त्या वेळच्या दराने चार लाखांच्या पुढे. वर तिथल्या गिऱ्हाइकाला वाहतूक आणि जोडणीचे पैसे वेगळे. भारताचं सीमाशुल्क या किमतीत कुठेच नाही, तरी समुद्र ओलांडताच गाडी पाऊणपट महाग झाली. आपल्याकडून तिकडे जाताना हे घडतं, मग तिकडून इकडे येतानाच सगळा दोष जकातीचा कसा?

गाडी स्वस्त असते ती तिच्या गोतावळ्यात. जिथे ती बनते किंवा हजारोंनी खपते, तिथे तिचा ब्रेक लिव्हर कोपऱ्यावरच्या दुकानात असतो, तिची नाडी ओळखणारा मिस्त्री असतो, विमा कंपनीकडे तिच्या किमतीचा तक्ता असतो, आणि पाच वर्षांनी ती विकत घेणारा पोरगा आज शाळेत तिचा फोटो भिंतीवर लावून बसलेला असतो. आपण ती गाडी उचलून आणतो, गोतावळा तिथेच राहतो. छुपा खर्च म्हणजे तो गोतावळा एकट्याच्या खिशातून पुन्हा उभा करण्याचा खर्च.

आता मावसभावाकडे वळू. आपल्या आयात धोरणात 'नवी गाडी' या शब्दांना नेमका अर्थ आहे. ती आधी कुठेही विकलेली किंवा कोणत्याही देशात नोंदलेली नसावी, आणि ती जिथे बनली त्याच देशातून यावी. म्हणजे जपानी गाडी दुबईच्या शोरूममधून नवीकोरी म्हणून आणता येत नाही, आणि तिथे एकदा नोंदली गेली, भले एकाच दिवसासाठी, की ती कायद्याने जुनी. जुनीचे नियम वेगळे. उत्पादनापासून तीन वर्षांहून जुनी नको, अजून किमान पाच वर्षं रस्त्यावर चालेल असा दाखला हवा, आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच यायला हवी. न्हावा शेवा समोरच दिसतं म्हणून तिथे उतरवली तर चालत नाही. शुल्क शंभर टक्क्यांहून जास्त, वर जीएसटी. 'घरी परतताना सामानात आणेन' हाही एक गोड गैरसमज. १९६२च्या सीमाशुल्क कायद्यात 'बॅगेज'ची व्याख्या करतानाच मोटार वाहनं त्यातून वगळली आहेत.

बरं, शंभर टक्के कशावर? आपण लिलावात पडेल भावाने घेतली असेल, पण अधिकारी आपल्या पावतीपाशी थांबत नाही. जुन्या गाडीचं मूल्य ती नवी असतानाच्या किमतीपासून मोजायला सुरुवात होते आणि त्यातून वयानुसार घसारा वजा केला जातो. ज्या घासाघिशीचा मावसभावाला अभिमान असतो, ती इथल्या टेबलावर शून्य. बोटभाड्याचा कागद नसेल तर मालाच्या किमतीच्या २० टक्के भाडं धरून शुल्क काढतात. 'भाडं मित्राने सांभाळून घेतलं' ही खुशखबर तिथे सांगू नये.

मग क्रेट. मोटरसायकल ही जहाजाच्या भाषेत धोकादायक मालात मोडते, म्हणून टाकी रिकामी आणि बॅटरीच्या तारा सोडवलेल्या हव्यात. खोक्याचं लाकूड उष्णतेने किंवा धुरी देऊन कीडमुक्त केल्याचा शिक्का त्या लाकडावर हवा. तो नसला तर गाडी निर्दोष असूनही फळीपायी माल अडतो. माल अडला की गोदामाचं भाडं आणि कंटेनरचा डेमरेज सुरू होतो, आणि त्याचे दर दिवसागणिक टप्प्याटप्प्याने चढतात. क्लिअरिंग एजंटचा फोन दर सकाळी येतो, आणि दर सकाळी एक नवा कागद लागत असतो. तीस दिवसांत माल सोडवला नाही तर तो ज्याच्या ताब्यात आहे त्याला सीमाशुल्क खात्याच्या परवानगीने तो रीतसर विकता येतो. या टप्प्यावर माणूस ड्यूटीबद्दल बोलणं बंद करतो.

सुटका झाली की चाचणी. एक ठिकाण नगरची लष्करी वाहन संशोधन संस्था, दुसरं पुण्याची एआरएआय. वेताळ टेकडीवर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांना तिची भिंत माहीत असते, आत काय चालतं ते माहीत नसतं. वेगमापक किलोमीटरमध्ये हवा, अमेरिकेतून मैलांचा आला तर बदला. हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. ब्रिटन-जपानच्या गाडीला ही अडचण येत नाही, पण जर्मनी-अमेरिकेच्या गाडीचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण हवं, म्हणजे आपलं साडी गार्ड. दोनशे अश्वशक्तीच्या इटालियन गाडीला साडी गार्ड पाहून लोक हसतात. मला तो नियम शहाणपणाचा वाटतो, पण ज्या गाडीसाठी तो भाग कोणी बनवतच नाही, तिच्यासाठी एकच नग घडवून घ्यायचा म्हणजे काय किंमत पडते, ते कारागिराला विचारावं. वर्षाला अडीच हजारांपर्यंत गाड्या इथल्या चाचण्यांशिवाय आणण्याची सवलत २०१८पासून आहे, पण ती कंपनीला किंवा तिच्या अधिकृत प्रतिनिधीला. मावसभाऊ त्यात बसत नाही.

इथवरचा खर्च एकदाच होतो. पुढचा दरवर्षी होतो, म्हणून तो अधिक मोठा. विम्याच्या साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर आणि टायरवर ५० टक्के घसारा कापतात. स्पोर्ट्‌स बाइकचं अंगभर कवच प्लास्टिकचंच असतं. सिग्नलला उभ्या उभ्या गाडी कलंडली तरी निम्मं बिल आपलं, आणि ते बिल परदेशी भागांचं. पेट्रोलचं तर विचारूच नका. आपल्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, आणि बऱ्याच परदेशी गाड्यांची पुस्तिका १० टक्क्यांपुढे जाऊ नका म्हणून बजावते. इंधनाच्या नळ्या आणि सील पुस्तिका वाचत नाहीत, त्या मुकाट्याने फुगतात.

'पण कंपनीच इथे असेल तर?' ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर कोरियाच्या ह्योसंगने आपल्याच जिल्ह्यांतून फिरून दिलं आहे. विसेक वर्षांपूर्वी कायनेटिकने तिच्या २५० सीसीच्या मोजक्या गाड्या आणल्या. पुढे गरवारेंनी वाईत जुळणी सुरू केली, मग डीएसकेकडे धुरा गेली, तो समूह कोसळल्यावर २०१८मध्ये पुन्हा कायनेटिक. पंधरा वर्षांत चार संसार. गाडी तीच, तिचं इंजिनही दणकट, पण दर स्थलांतरात भागांचा साठा कुठे गेला आणि वॉरंटीला कोण उत्तर देणार, हा प्रश्न मालकाच्या दारात येऊन बसला. ही अवस्था जुळणी कारखाना आणि शोरूम असलेल्या गाडीची. क्रेटमधून एकटी आलेली गाडी तर जन्मतःच पोरकी. उलट केटीएम बघा. बजाजने २००७मध्ये तिच्यात भागीदारी घेतली, २०१२मध्ये चाकणची ड्यूक २०० आली, आणि २०२४च्या अखेरीस ऑस्ट्रियातली मूळ कंपनी दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली तरी इचलकरंजीतल्या मिस्त्रीच्या फळीवर ड्यूकची चेन-स्प्रॉकेट होतीच. तिचा गोतावळा इथे रुजला होता.

'हौसेला मोल नसतं,' हा शेवटचा बचाव. त्याला माझा विरोध नाही. ज्याला मोलाची पर्वा नाही त्याने जरूर आणावी, आणि मला एकदा मागे बसवून मुळशीला न्यावं. माझं भांडण हौसेला बचतीचा मुखवटा चढवण्याशी आहे. ड्यूटी उद्या शून्य झाली तर पाच लाख साठ हजार वाचतील हे मी वर कबूल केलं. पण क्रेटची फळी, झोताची दिशा, नव्या-जुन्याची व्याख्या, घसारा, सील आणि गिऱ्हाईक मिळेपर्यंत अंगणात धूळ खाणारी वर्षं यांतला एकही खर्च त्या शून्याने कमी होत नाही. निकाल द्यायचाच तर असा देईन: मोठी गाडी इथे महाग पडण्यात जकातीचा हात आहे, पण ती परवडेनाशी होते ती एकटी असल्यामुळे.

तेव्हा मावसभावाला फोन लावण्याआधी एकच काम करा. त्या गाडीच्या पुढच्या ब्रेकचा लिव्हर कितीला आणि किती दिवसांत मिळेल, हे तुमच्या गावातल्या तीन मिस्त्रींना विचारा. तिघांपैकी एकाने जरी आकडा सांगितला, तर पैसे पाठवा.