पेरादेनियाचे आरेखक

फ्रेडरिक मूर यांचा 'द लेपिडोप्टेरा ऑफ सिलोन' हा ग्रंथ १८८० ते १८८७ या काळात लंडनमध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाला. सिलोनमधील, म्हणजे आजच्या श्रीलंकेतील, फुलपाखरे व पतंग यांची २१५ रंगीत चित्रपत्रे त्यात आहेत. मूर हे ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील संग्रहालयात काम केलेले कीटकशास्त्रज्ञ होते. प्रकाशनाला सिलोन सरकारचा आश्रय लाभला होता. मला मात्र या ग्रंथात अधिक रस वाटतो तो त्यामागे असलेल्या एका लहानशा सरकारी पदामुळे.

कँडीजवळच्या पेरादेनिया वनस्पती उद्यानात आरेखकाचे पद होते. हर्मानिस डि अल्विस यांनी १८२३ पासून ३८ वर्षे त्या पदावर राहून वनस्पतींची चित्रे काढली. विल्यम आणि जॉर्ज या त्यांच्या मुलांनी हीच कला पुढे नेली. उद्यानाचे प्रमुख थ्वेट्स यांच्या देखरेखीखाली या बंधूंनी फुलपाखरे व पतंगच नव्हे, तर त्यांचे सुरवंट आणि कोशही रंगविले. मूर यांच्या ग्रंथाला ही चित्रे आधारभूत ठरली.

सुरवंटाच्या चित्राचे मोल वेगळे आहे. टाचणीला लावलेले फुलपाखरू शंभर वर्षे टिकते आणि जहाजाने लंडनला पाठविता येते. सुरवंटाचे मऊ शरीर मात्र मेल्यावर आकसते, रंग उडतो. त्याला जिवंतपणीच, त्याच्या खाद्यवनस्पतीवर पाहून रंगवावे लागते. त्यातून कोणते फुलपाखरू निघते, याची वाट पाहावी लागते. नमुने बाजारात विकत मिळू शकतात. ही प्रतीक्षा विकत मिळत नाही. त्यासाठी त्याच जागी वर्षानुवर्षे टिकणारा, पगारी माणूस हवा.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि शासकीय सेवक या दोन्ही नात्यांनी मला हे महत्त्वाचे वाटते. पदांचा आढावा घेताना आपण वर्षभरातील काम मोजतो. १८२३ साली आरेखकाच्या नेमणुकीवर केलेल्या खर्चाचे एक फळ सहा दशकांनंतर, तेही दुसऱ्याच विषयात, पदरात पडले. कोणत्याही वार्षिक तक्त्यात ते दिसले नसते.

ग्रंथाच्या मुखपृष्ठावर नाव मूर यांचे आहे; डि अल्विस बंधू प्रस्तावनेतील आभारांत भेटतात. श्रेयाची ही वाटणी आपल्या कार्यालयांनाही अपरिचित नाही. एखादे पद निरुपयोगी ठरविण्यापूर्वी त्या खुर्चीवरच्या माणसाच्या हातून काय जमत गेले आहे, हे आपण एकदा तरी पाहावे.