साखळी कुणाच्या हातात?

गेल्या मे महिन्यात भाड्याने आणलेला जीएनएसएस रोव्हर घेऊन मी वाळवा तालुक्यातल्या आमच्या रानात बांधाबांधाने फिरलो. दोन-तीन सेंटिमीटरची अचूकता. नकाशा छापून चुलत्यांपुढे ठेवला. आप्पांनी तो नीट बघितला, घडी घातली आणि विचारलं, "सही कुणाची हाय ह्यावर?"

रविवार वाया गेला म्हणून मी चिडलो होतो. पण हा प्रश्न आमच्या भागात निदान पावणेदोनशे वर्षं विचारला जातोय.

१८४८ साली साताऱ्याचं राज्य खालसा झालं आणि मग कंपनी सरकारची मोजणी इकडे आली. शेजारच्या सांगली-मिरजेत पटवर्धनांची संस्थानं राहिली. तिथलं सरकार वेगळं, दप्तर वेगळं. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आज आपण ज्या गुंठ्यावरून भावकीत डोकी फोडतो, तो या साखळीतून आला.

त्याआधी गावची जमीन कुलकर्ण्याच्या दप्तरात असायची, आणि त्याहून जास्त त्याच्या डोक्यात. ते वतन होतं, बापाकडून मुलाकडे जाणारं. इंग्रजांना हे नको होतं. पण प्रिंगलने पुणे भागात केलेली पहिली मोठी मोजणी कागदावर देखणी आणि आकड्यांत पोकळ निघाली. मोजणारेच पैसे खाऊन आकडे फिरवत होते. १८३५ नंतर विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी इंदापुरात पुन्हा सुरुवात केली, आणि १८४७च्या 'जॉइंट रिपोर्ट'मध्ये नियम पक्के झाले. त्यातली मला भावलेली गोष्ट म्हणजे मोजणारा एक आणि तपासणारा दुसरा. मोजलेल्यातली काही शेतं वरचा अधिकारी पुन्हा मोजायचा. आम्ही याला कोड रिव्ह्यू म्हणतो. अर्थात देशी माणसाने उन्हात मोजायचं आणि गोऱ्याने ते खरं ठरवायचं, यातला अपमान लपत नाही.

कुलकर्णी वतनं १९५०च्या कायद्याने गेली. हद्दीच्या नकाशावरची सही मात्र भूमी अभिलेख खात्याकडेच राहिली. फेब्रुवारी २०२१मध्ये केंद्राने भारतीय कंपन्यांना नकाशे करण्यासाठी लागणारी पूर्वपरवानगी काढून टाकली. म्हणजे मी अख्ख्या देशाचा नकाशा विकू शकतो, पण माझ्या नकाशाने आमचा बांध ठरत नाही!

अमेरिकेतही हे भांडण झालंय. तिथल्या नकाशा-कंपन्यांच्या संघटनेने २००६ साली सरकारवरच दावा लावला: केंद्राची नकाशाची कामं स्वस्त दर बघून नको, सर्व्हेअर-इंजिनिअरांच्या कामांसारखी पात्रता बघून द्या. भूगोलवाले आणि जीआयएसवाले खवळले. नकाशा काढणारा प्रत्येकजण काय सर्व्हेअर असतो? २००७मध्ये कोर्टाने दावा काढून टाकला, तोही दावा लावायचा अधिकारच सिद्ध होत नाही म्हणून. मूळ प्रश्न तसाच राहिला.

माझा कल अर्थातच जीआयएसवाल्यांकडे होता.

मग आम्ही रीतसर मोजणीचा अर्ज केला. पावसाळा गेला, भूकरमापक आला. त्याच्या हातातही रोव्हरच होता, माझ्यासारखाच. फक्त तो यायच्या आधी लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटिसा गेल्या होत्या, आणि सगळे बांधावर हजर होते.

मी मे महिन्यात कुणालाच कळवलं नव्हतं. आप्पांनाही नाही.