म्यान केलेली तलवार

व्हिडिओ गेम हे शब्द कानी पडले की घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. मुलांचा अभ्यास, डोळे आणि झोप या तिहींचा तो वैरी, असा आपला अनुभव. आणि तो अगदीच खोटा आहे असे मी म्हणणार नाही. मग इतिहासाच्या व्याख्यानात त्याचे काय काम? माझे उत्तर असे की, ज्या करमणुकीत असंख्य माणसे आपल्या आयुष्याचे तासच्या तास घालवितात, तिच्यात त्या काळाच्या नीतिकल्पना उतरल्यावाचून राहत नाहीत. कीर्तनातून, तमाशातून, नाटकातून समाजाचा इतिहास शोधता येतो. तसा तो खेळांतूनही शोधता आला पाहिजे. आज एकच प्रश्न हाती घ्यावयाचा आहे. माणूस बदलतो तेव्हा नेमके काय घडते? आपल्याकडे वाल्याचा वाल्मीकी झाला ही कथा लहान मुलासही ठाऊक असते. याच प्रश्नाचे एक उत्तर १९९१ साली एका जपानी खेळाने दिले, आणि तेही एका लढाईतून दिले. ती लढाई समजण्यासाठी आपल्याला थोडे मागे गेले पाहिजे.

१८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइस्विट्झ नावाच्या अधिकाऱ्याने युद्धाचा एक खेळ प्रचारात आणला. नकाशावर ठोकळे मांडायचे, फासे टाकायचे आणि कोणती पलटण किती कापली गेली याचा हिशेब करायचा. त्या खेळात ठोकळा म्हणजे माणूस नव्हे, पलटण. ठोकळ्याला नाव नसते आणि मनही नसते. पुढे दीडशे वर्षांनी, १९७४ साली, अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ छापून विकावयास काढला, तेव्हा एक मोठी क्रांती झाली. येथे एक सोंगटी म्हणजे एक माणूस झाला. खेळणाऱ्याने त्याला नाव द्यावे, त्याच्या तोंडून बोलावे, आणि तो माणूस अनुभवाने वाढत जावा. इंग्रजीत याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात; आपण त्याला भूमिकेचा खेळ म्हणू.

मात्र ही वाढ कशी होत असे, ते ध्यानात घेण्यासारखे आहे. राक्षस मारला की गुण मिळावेत, गुण साठले की माणूस एक पायरी वर चढावा. म्हणजे बचतबँकेच्या पासबुकासारखाच प्रकार. जमा होत जाते, खर्च काहीच नाही. त्या माणसाने कोणाला मारले, का मारले, याची नोंद पासबुकात नसते.

दुसऱ्याच वर्षी, १९७५ साली, या खेळाच्या ‘ग्रेहॉक’ नावाच्या पुरवणीत एक नवी भूमिका आली. तिचे नाव पॅलाडिन. या शब्दाचा प्रवास मोठा मनोरंजक आहे. रोममधील पॅलाटाइन टेकडीवर सम्राटांचे वाडे होते. त्या टेकडीवरून राजवाड्याशी संबंधित माणसाला लॅटिनमध्ये नाव पडले. आणि मध्ययुगातील फ्रेंच वीरकथांत शार्लमेन बादशहाचे जे बारा निष्ठावंत सरदार येतात, त्यांना पॅलाडिन म्हणू लागले. असा हा धर्मवीर. परंतु पुरवणीतला नियम मोठा कडक होता. पॅलाडिन होणारा माणूस आरंभापासूनच सदाचारी असला पाहिजे. आणि एकदा जरी त्याच्या हातून अनाचार घडला, तरी ते पद कायमचे गेले, पुन्हा मिळावयाचे नाही. म्हणजे वरून खाली येण्याची वाट होती. खालून वर जाण्याची वाट मात्र नियमानेच बंद होती. वाल्याला त्या दारात प्रवेश नव्हता. हा नियम लक्षात ठेवावा, कारण पुढे याच ठिकाणी फरक पडणार आहे.

आता दुसरा धागा. या खेळांत शेवटी एक बलाढ्य शत्रू येतो, त्याला खेळणारी मंडळी बॉस म्हणतात. मूळ डच भाषेतला, मालक या अर्थाचा हा शब्द. कचेरीतल्या साहेबाला आपण जे म्हणतो तेच. १९७५ च्या सुमारास अमेरिकेत शिक्षणासाठी उभारलेल्या ‘प्लेटो’ या संगणकजालावर विद्यार्थ्यांनी भूमिकेचे खेळ लिहिले; त्यांतल्या एका खेळात भुयाराच्या तळाशी सोनेरी ड्रॅगन खजिना राखीत बसलेला असे. पुढील सगळ्या बॉस मंडळींचा हा एक आद्य पूर्वज मानतात. १९८१ साली ‘विझार्ड्री’ हा खेळ निघाला. त्यातल्या अखेरच्या दुष्ट जादूगाराचे नाव वेर्डना. हा शब्द इंग्रजी अक्षरांत उलटा वाचला तर अँड्र्यू होतो. आणि खेळाच्या दोन कर्त्यांपैकी एकाचे नाव अँड्र्यू ग्रीनबर्ग होते! ही केवळ थट्टा होती. पण शेवटचा शत्रू म्हणजे आपलेच नाव उलटे वाचलेले, ही थट्टा पुढे दहा वर्षांनी गंभीर व्हावयाची होती.

हे अमेरिकन खेळ जपानात गेले. १९८६ साली युजी होरी यांचा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला, आणि १९८७ साली हिरोनोबु साकागुची यांच्या नेतृत्वाखाली स्क्वेअर या कंपनीने ‘फायनल फँटसी’ काढला. या पहिल्या ‘फायनल फँटसी’मध्ये पात्रांचे रूपांतर होते. कसोटीच्या किल्ल्यातून उंदराची एक शेपटी आणून ड्रॅगनांच्या राजापुढे ठेवायची, की योद्ध्याचा सरदार होतो आणि चोराचा निंजा होतो. काम केले, बढती मिळाली. १९८८ सालच्या तिसऱ्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये एका मंदिरात जाऊन पेशा बदलता येतो. नव्या पेशात माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. म्हणजे काही किंमत मोजावी लागते. पण तेथे वापरलेला जपानी शब्द नोकरी बदलण्यासाठी रोजच्या व्यवहारात वापरतात तोच आहे. बढती आणि बदली! रूपांतराची कल्पना तोवर कचेरीच्या बाहेर पडलेली नव्हती.

अशा स्थितीत १९ जुलै १९९१ रोजी ‘फायनल फँटसी’चा चौथा भाग बाहेर आला. त्याचे प्रमुख रचनाकार ताकाशी तोकिता. संगीत नोबुओ उएमात्सु यांचे. ज्या डबीत हा सगळा खेळ बसवावयाचा तिची क्षमता एक मेगाबाइट. आज आपल्या फोनवरचे एखादे छायाचित्रदेखील त्याहून अधिक जागा घेते. तोकिता यांनी पुढे सांगितले की, जागेअभावी लिहिलेल्या संहितेचा चौथा हिस्साच ठेवता आला. कदाचित त्यामुळेच या कथेत फाफटपसारा राहिला नाही.

कथेचा नायक सेसिल. बॅरन राज्याच्या उडत्या जहाजांच्या दलाचा हा सेनानी, काळ्या चिलखतातला तमोयोद्धा. खेळ सुरू होतो तेव्हा तो मिसिडिया नावाच्या जादूगारांच्या गावी निःशस्त्र माणसे मारून त्यांचा स्फटिक लुटून परत येत आहे. त्याचे मन त्याला खाते. तो राजाला जाब विचारू पाहतो. राजा त्याचे सेनापतिपद काढून घेतो आणि मिस्ट नावाच्या खेड्यात एक अंगठी पोचविण्याचे काम देतो. वाटेतल्या गुहेत धुक्याचा ड्रॅगन आडवा येतो. हा खेळातला पहिला बॉस. खेळणारा मोठ्या हौसेने त्याला मारतो, नेहमीप्रमाणे गुण मिळतात, आणि तो पुढे जातो. गावात पाऊल टाकताच अंगठीतून आगीचे गोळे बाहेर पडतात आणि गाव जळून जाते. जळत्या गावात रिडिया नावाची एक लहान मुलगी आईच्या प्रेताजवळ रडत बसलेली दिसते. तिच्या आईचा प्राण त्या ड्रॅगनच्या प्राणाशी जोडलेला होता. ड्रॅगन मेला, म्हणून आई मेली.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबा. ज्याला खेळणारा विजय समजत होता, तो खून होता. त्याचे गुण पासबुकात जमाही झाले होते! आणि सबब कोणती? “मला माहीत नव्हते” आणि “मला हुकूम होता”. जगाच्या इतिहासात या दोन सबबी किती वेळा पुढे केल्या गेल्या, हे या सभागृहात सांगावयास नको.

पुढे जहाज फुटून सेसिल एकटाच किनाऱ्याला लागतो, तो नेमका मिसिडियाच्या. गावकरी त्याला ओळखतात. कोणी त्याला विष देतो, कोणी बेडूक करून टाकतो, कोणी डुक्कर. हेही रूपांतरच, पण ते शापाचे. गावचा वृद्ध प्रमुख मात्र त्याला सांगतो की, काळी तलवार काळ्या शक्तीला हरवू शकणार नाही. कसोटीच्या डोंगरावर जा आणि ती टाकून ये. सोबत तो दोन जुळी मुले देतो, तीही खरे म्हणजे पाळत ठेवण्यासाठी. पश्चात्ताप झाला म्हणून विश्वास लगेच मिळत नाही, ही बारीक जाण येथे आहे.

डोंगरावर प्रेतांचे सैन्य आहे, आणि माथ्याजवळ प्रेतांचा अधिपती स्कारमिल्योने. त्याला एकदा मारावे लागते. मग तो पाठीमागून येतो आणि पुन्हा मारावे लागते. अशी रीतसर, दणदणीत लढाई झाल्यावर खेळणाऱ्याला वाटते की कसोटी संपली. खरी कसोटी पुढेच असते. माथ्यावर आरशांचे दालन आहे. तेथे एक प्रकाश सेसिलला पुत्र म्हणून हाक मारतो, त्याचे काळे चिलखत जाते आणि तो पॅलाडिन होतो. परंतु आरशात अजून तोच तमोयोद्धा उभा असतो. तो आरशातून बाहेर येतो आणि तलवार उपसतो.

या लढाईत मारून जिंकावयाचे नाही. खऱ्या पॅलाडिनने येथे तलवार म्यान करावी, अशी सूचना मिळते. खेळणाऱ्याने हात आवरायचा, घाव सोसायचे आणि उभे राहायचे. आणि हे वाटते तितके सोपे नाही. पूर्वीच्या खेळांत तुम्ही विचार करीपर्यंत शत्रू मुकाट्याने थांबत असे. या खेळात हिरोयुकी इतो यांनी नवी पद्धत आणली होती: घड्याळ चालूच राहते, तुम्ही थांबलात तरी शत्रू थांबत नाही. त्यामुळे काही न करणे हीच येथे एक जड, जाणीवपूर्वक केलेली कृती होते. तमोयोद्धा मात्र स्वतःचे बळ जाळून काळोखाची लाट फेकीत राहतो. कालपर्यंत सेसिल हेच हत्यार दुसऱ्यांवर चालवीत होता. आज ते त्याच्या अंगावर येते, तेव्हा त्याची धार त्याला कळते.

इतिहासाच्या दृष्टीने येथे एक खुलासा केला पाहिजे. आपल्याच प्रतिमेपुढे तलवार म्यान करण्याची कल्पना या खेळाने प्रथम काढली असे नव्हे. १९८९ साली जॉर्डन मेकनर यांच्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळात राजपुत्राची सावली आरशातून निघते; तिला मारलेला घाव राजपुत्रालाच लागतो, आणि तलवार म्यान केली तरच दोघे एक होतात. तो एक सुंदर उखाणा होता. पण त्या राजपुत्राने कोणाचे गाव जाळलेले नव्हते. १९९१ च्या खेळाने त्या उखाण्याच्या मागे अपराध उभा केला, आणि तो खेळणाऱ्याच्या हातून करविलेला. शिवाय १९७५ सालचा तो कडक नियम त्याने पुरता उलटा केला. जो आरंभापासून सदाचारी तोच पॅलाडिन, असे न म्हणता, ज्याने आपले कृत्य ओळखले तो पॅलाडिन होऊ शकतो, असे तो म्हणाला.

बक्षीस काय मिळाले? सेसिल पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. जुने गुण गेले. डोंगर उतरताना तो दुबळा असतो आणि सोबत्यांना त्याला सांभाळावे लागते. आणि मिस्ट गाव? ते जळाले ही गोष्ट पुसली जात नाही. रिडिया विसरत नाही. याच्याही आधी, एका डोंगरावरचा बर्फ वितळविण्यासाठी तिला अग्नीचा मंत्र म्हणावयाचा असतो, तेव्हा तो तिच्या ओठांवर येत नाही. तिचे गाव आगीतच गेलेले असते. पुढे ती मोठी होऊन परत येते आणि सेसिलच्या बाजूने उभी राहते. ही तिची थोरवी आहे. सेसिलचा तो हक्क नव्हता.

येथे मला अशोकाची आठवण होते. कलिंगात एक लक्ष माणसे मारली गेली, दीड लक्ष पकडून नेली, आणि त्याचे आपल्याला दुःख होते, हे अशोकाने तेराव्या शिलालेखात कोरविले. राजाने दिलेला असा कबुलीजबाब जगात दुर्मीळ आहे. परंतु प्रत्यक्ष कलिंगात, धौली आणि जौगड येथे, तो लेख कोरलेला नाही. त्या जागी दुसरे लेख आहेत. ज्यांच्यावर घाव पडला त्यांच्यासमोर कबुली देणे, हे सम्राटासही जड गेले असावे. खेळातला सेसिल अशोकाहून थोर होता असे मी म्हणत नाही. तो कल्पित, अशोक खरा. पण जिचे गाव जाळले तीच मुलगी शेवटपर्यंत सोबत चालावी, हे त्या खेळाच्या कर्त्यांनी योजले, याचे मोल कमी नाही.

शेवटच्या लढाईत याचा प्रत्यय येतो. चंद्राच्या पोटात झेरोमस म्हणून द्वेषाचा पुतळा उभा राहतो. त्याचे खरे रूप उघडे करण्यासाठी एक स्फटिक लागतो. सेसिलचा भाऊ गोलबेझ, जो स्वतः अंधारात बुडून गेलेला आहे, तो स्फटिक उचलतो. त्याच्या हाती तो काम करीत नाही. सेसिलच्या हाती करतो. हत्यार एकच, फरक हातांत आहे. आणि पडता पडता तो द्वेषही बजावून जातो की, माणसांच्या मनात दुष्टावा आहे तोवर आपल्याला मरण नाही.

हा खेळ २००७ साली नव्या रूपात पुन्हा घडविण्यात आला, आणि २०२१ साली जुन्या चित्रांच्या वळणाची आणखी एक आवृत्ती निघाली. तेव्हा आपल्या घरातले एखादे मूल कदाचित आजही त्या आरशासमोर उभे असेल. त्याला रागे भरण्यापूर्वी जरा शेजारी बसा आणि विचारा, “बाळ, इथे तू तलवार चालवलीस की म्यान केलीस?” त्याच्या उत्तरावरून तुम्हाला त्याच्याविषयी काही कळेल, आणि तोच प्रश्न त्याने उलट आपल्याला विचारला, तर उत्तर देण्याची तयारी आपणही ठेवलेली बरी.