कान कापलेल्या कुत्र्याचे आत्मकथन : ‘ब्यूटिफुल जो’

१/८
कुत्र्याला न्यायालयात साक्ष देता येत नाही. त्याचा छळ करणारा बहुधा त्याचा मालकच असतो. मग त्या छळाची हकिकत सांगायची कोणी? १८९३ साली एका कॅनेडियन लेखिकेने ते काम कुत्र्यावरच सोपविले.

२/८
यामागे एक पूर्वपरंपरा होती. ॲना स्युएल या इंग्रज लेखिकेने १८७७ मध्ये ‘ब्लॅक ब्यूटी’त घोड्याला बोलते केले. अमेरिकेत ते पुस्तक घरोघरी पोहोचविले जॉर्ज एंजेल यांनी. मॅसॅच्युसेट्स येथे १८६८ मध्ये प्राणिक्रौर्यविरोधी संस्था स्थापन करणारे ते हेच.

३/८
एंजेल यांच्याच ‘अमेरिकन ह्यूमेन एज्युकेशन सोसायटी’ने पुढे कथास्पर्धा जाहीर केली. नोव्हा स्कॉशियात १८६१ साली जन्मलेल्या मार्गारेट मार्शल सॉण्डर्स यांनी तीत भाग घेतला आणि पारितोषिक पटकाविले.

४/८
कथानायक काल्पनिक नव्हता. १८९२ मध्ये ऑण्टॅरिओतील मीफर्ड या गावी भावाच्या भावी सासुरवाडीस गेल्या असता त्यांना या कुत्र्याची कहाणी कळली. पहिल्या मालकाने त्याचे कान आणि शेपूट कापून टाकले होते. मूर कुटुंबाने त्याला वाचवून आश्रय दिला होता.

५/८
कादंबरीत क्रूर गवळी जेन्किन्सच्या तावडीतून सुटलेला जो मॉरिस कुटुंबात येतो. विद्रूप कुत्र्याचे नाव मात्र ‘सुंदर जो’! या विसंगतीतच कादंबरीचे सार आहे : कुरूपता कुत्र्याची नसून ती करणाऱ्या हाताची आहे.

६/८
परंतु या आवाजासाठी किंमतही मोजावी लागली. स्पर्धा अमेरिकेची, म्हणून कथा कॅनडातून उचलून मेन राज्यात नेण्यात आली. मीफर्ड पुसले गेले. मुखपृष्ठावरून ‘मार्गारेट’ही गळाले, उरले ते ‘मार्शल सॉण्डर्स’ हे पुरुषी वाटणारे नाव. मुक्या प्राण्याला वाचा देणाऱ्या स्त्रीला स्वतःचे पूर्ण नाव मिरविता आले नाही.

७/८
आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यावी. पुस्तकाच्या बऱ्याच भागात जो स्वतःविषयी कमी बोलतो. गाई-घोड्यांना कसे वागवावे, यावरील माणसांचा संवाद तो ऐकतो आणि आपल्याला सांगतो. तेथे तो पात्र कमी, प्रचारक अधिक ठरतो. कलेच्या दृष्टीने हा दोष खरा; पण ज्या चळवळीने हे पुस्तक घडविले, तिला नेमके हेच हवे होते.

८/८
वाचकांनी जोला आपलेसे केले. दहा लाख प्रतींचा टप्पा ओलांडणारे हे पहिले कॅनेडियन पुस्तक मानले जाते. सॉण्डर्स १९४७ मध्ये निवर्तल्या. आज मीफर्डमध्ये जोच्या नावाचे उद्यान आहे. कादंबरीने पुसलेले गाव अखेर त्याच कुत्र्यामुळे ओळखले जाते. कायदे संमत होतात, ते आधी कोणाची तरी वेदना ऐकली गेल्यानंतरच. म्हणून इतिहास वाचताना विचारावे : या पानावर बोलते कोण, आणि ज्याच्यावर बेतले, तो कोठे आहे?